टेबल घरी आलं, खेळ हॉलमध्येच राहिला

वाचकाचं पत्र:

ताई, मी मूळचा सांगलीचा. १९९८ मध्ये एम.एस. करायला अमेरिकेत आलो, आता न्यू जर्सीत घर आहे. विद्यापीठात स्टुडंट युनियनच्या तळघरात पूलची, म्हणजे बिलियर्ड्ससारख्या खेळाची, टेबलं होती, तिथे रूममेटने खेळायला शिकवलं. त्याच हिवाळ्यात पॉल न्यूमनचा पूलवरचा सिनेमा 'द कलर ऑफ मनी' व्हीएचएसवर पाहिला, मग मागे जाऊन त्याचा आधीचा भाग 'द हसलर'. झालं, वेड लागलं. गावात एक जुनाट पूल हॉल होता, तिथे अभ्यास बुडवून पडलेला असायचो. पुढे नोकरी, लग्न, मुलगा, यात सगळं मागे पडलं. इथे घराजवळ एक हॉल होता, तो महामारीत बंद झाला. मागच्या वर्षी पन्नाशीची भेट म्हणून स्वतःलाच बेसमेंटमध्ये आठ फुटी, स्लेटचं टेबल घेतलं. सिनेमातल्यासारखा दिसणारा महागडा क्यू, म्हणजे बॉल मारायची काठी, हीही घेतली. महिनाभर रोज खेळलो. आता आठवड्यानुआठवडे खाली उतरत नाही. बायको टेबलावर कपडे वाळत घालते. मला सांगा, माझं हे प्रेम खरं होतं की पॉल न्यूमनला पाहून चढलेली नशा होती? दुसरं म्हणजे, सोळा वर्षांच्या मुलाला घेऊन अर्ध्या तासावरच्या हॉलमध्ये जावं असं फार वाटतं. बायको म्हणते, जुगाराच्या अड्ड्यावर पोराला नेणार का? टेबल विकून मोकळा होऊ का?
– बेसमेंटवाला, न्यू जर्सी

प्रिय बेसमेंटवाले,

टेबल इतक्यात विकू नका. वापरलेल्या टेबलाला म्हणावी तशी किंमत येत नाही, आणि स्लेटच्या लाद्या जिन्यावरून वर न्यायला जी माणसं येतील, तीच तुमच्याकडून चांगले पैसे उकळतील. त्याआधी कपडे मात्र आजच्या आज दुसरीकडे हलवा. ओलं कापड टेबलावर पडलं की दमट हवा टेबलावर ताणलेल्या लोकरीच्या कापडात मुरते, बॉल जड पळतात, कडेच्या रबरी कुशनवरून मरगळल्यासारखे परत येतात. बेसमेंट मुळातच दमट. डीह्युमिडिफायर नसेल तर तो आधी आणा. कधी कधी माणसाला खेळ नकोसा झालेला नसतो, टेबलच खेळण्यासारखं राहिलेलं नसतं. तुमच्या बाबतीत एवढ्यावर भागणार नाही हे मला दिसतंय, पण हे आधी सांगून टाकते.

आता नशेबद्दल. हो, नशाच होती, आणि तुम्ही त्यात एकटे नाही. अमेरिकेत पूल खेळणाऱ्या दोन पिढ्या याच नशेवर वाढल्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर पूलला उतरती कळा लागली होती. सैन्यातून परतलेली मंडळी लग्न करून उपनगरांत राहायला गेली, संध्याकाळी टीव्हीपुढे बसू लागली, आणि शहरांतले हॉल एकेक करून बंद पडत गेले. अशा वेळी १९६१ मध्ये रॉबर्ट रॉसन यांचा 'द हसलर' आला. पूलचा बराचसा भाग न्यू यॉर्कमधल्या खऱ्याखुऱ्या हॉलमध्ये चित्रित झाला, त्यातला एक टाइम्स स्क्वेअरजवळचा एम्स. सल्लागार म्हणून विली मोस्कोनी यांना घेतलं होतं. १९४१ ते १९५७ या काळात पंधरा वेळा विश्वविजेते ठरलेले हे गृहस्थ. पडद्यावर ते स्वतःही दिसतात, पैजेचे पैसे धरून उभे असलेले. न्यूमनने भूमिकेसाठी घरातलं जेवणाचं टेबल बाहेर काढून तिथे पूलचं टेबल आणून ठेवलं आणि दिवसरात्र सराव केला. तेव्हा घरात टेबल आणणारे तुम्ही पहिले नाही हे वहिनींना जरूर सांगा. तुमचं निदान बेसमेंटमध्ये तरी आहे.

पण हा सिनेमा नीट आठवून पाहा. पूलची जाहिरात करायला निघालेला माणूस असा सिनेमा काढेल का? एम्समध्ये पाऊल टाकल्या टाकल्या एडीच्या, म्हणजे न्यूमनने रंगवलेल्या नायकाच्या, जोडीदाराला ती जागा प्रेतागारासारखी वाटते, आणि तो तसं बोलूनही दाखवतो. एडी हरतो, दारू पितो, अंगठे मोडून घेतो. त्याच्यावर जीव टाकणारी मुलगी आत्महत्या करते. शेवटी तो जिंकतो तेव्हा त्याला बजावलं जातं की, यापुढे मोठ्या हॉलमध्ये पाऊल ठेवायचं नाही. म्हणजे जिंकल्यावर खेळच गेला. आणि हे सगळं पाहून लोक काय करतात? धावत सुटतात पूल हॉलकडे! नवे हॉल निघाले, गालिचे अंथरलेले, कुटुंबांना चालतील असे उपनगरी हॉलसुद्धा निघाले. रुडॉल्फ वाँडरोन नावाच्या न्यू यॉर्कमधल्या एका गप्पिष्ट, गोलमटोल खेळाडूने तर सिनेमातल्या 'मिनेसोटा फॅट्स'चं, म्हणजे एडीच्या प्रतिस्पर्ध्याचं, नावच उचललं आणि ते पात्र आपल्यावरूनच बेतलंय असं जन्मभर सांगत राहिला. मूळ कादंबरी लिहिणारे वॉल्टर टेव्हिस नाही म्हणत राहिले, ऐकतंय कोण! जिवंत माणसाने पडद्यावरच्या माणसाचं नाव लावावं, असं दुसऱ्या कुठल्या खेळात झालेलं मला तरी आठवत नाही.

मग पुन्हा मंदी, आणि बरोबर पंचवीस वर्षांनी, १९८६ मध्ये, तुमचा 'द कलर ऑफ मनी'. न्यूमन तोच, एडी तोच, फक्त केस पिकलेले. याच भूमिकेने त्यांना ऑस्कर मिळवून दिलं. चित्रीकरण मुख्यतः शिकागोत झालं. टॉम क्रूझने जवळजवळ सगळे शॉट स्वतः मारले. दोन बॉलांवरून उडी मारून जाणारा शॉट तेवढा सिनेमाचे सल्लागार माइक सीगल यांनी मारला, कारण तो शिकवण्यात चित्रीकरणाचे दिवस गेले असते. त्या सिनेमात खरे खेळाडू किती आहेत पाहा. क्रूझला छळणारा तो तोंडाळ ग्रेडी म्हणजे कीथ मॅक्रेडी, पैजांवर खेळणाऱ्यांत नावाजलेला, हात बाजूला फेकून मारण्याची त्याची ती विचित्र ढब अस्सल आहे. आणि स्टीव्ह मिझराक. त्याच्याबद्दल पुढे बोलू, त्याचं तुमच्या घरातल्या भांडणाशी थेट नातं आहे.

क्यूबद्दल एक गंमत सांगते, वाईट वाटून घेऊ नका. सिनेमात ज्या क्यूला 'बालाबुश्का' म्हणून एवढा भाव दिलाय, तो बालाबुश्का नव्हताच. जॉर्ज बालाबुश्का हा रशियात जन्मलेला, न्यू यॉर्कमध्ये क्यू बनवणारा कारागीर. तो १९७५ मध्ये वारला, आणि त्याचे क्यू इतके मोलाचे झाले होते की सेटवर आपटायला कोण देणार? म्हणून जॉस कंपनीचा तसा दिसणारा क्यू वापरला. तेव्हा तुम्ही नकलेची नक्कल घेतलीत असं मनाला लावून घेऊ नका, ज्यांनी पैसे घेऊन काम केलं त्यांच्याकडेही नक्कलच होती. क्यू सरळ आहे ना, टोकाचं चामडं नीट आहे ना, एवढं पाहा आणि वापरा.

त्या दिवसांत मी शिकागोत नोकरीला होते, त्यामुळे सिनेमानंतरची लाट मी जवळून पाहिली. ज्यांनी जन्मात क्यू धरला नव्हता असे बँकेतले तरुण क्यूची लांबोडी पेटी खांद्याला लावून हिंडायचे. ऑफिसातल्या दोघी-तिघी मला ओढत एका जुन्या हॉलमध्ये घेऊन गेल्या. जिना चढून वर जायचं, वर एकच मोठी खोली, प्रत्येक टेबलावर खाली ओढलेला दिवा, बाकी अंधार. भिंतीला लागून उंच पायांच्या लाकडी खुर्च्या, त्यांवर म्हातारी मंडळी. ती खेळायची नाहीत, नुसती बसून असायची. आम्ही खिदळत खेळायचो, तरी त्यांच्या नजरा आमच्या टेबलावर असायच्या, आणि एखादीचा बॉल खरोखर चांगला गेला की त्यांतला एखादा क्यूचा बुंधा जमिनीवर हलकेच ठोकायचा. दाद द्यायची पद्धत तीच. तो ठोका आपल्यासाठी होता हे कळायला वेळ लागतो, आणि एकदा कळलं की दुसरा मिळेपर्यंत घरी जाववत नाही.

माझं म्हणणं काय ते यात आलं. तुमचं प्रेम खरंच आहे. मात्र त्याला एक बघणारा लागतो, आणि बेसमेंटमध्ये तुम्हाला बघायला कोणी नाही.

दोन्ही सिनेमे पुन्हा लावा आणि या वेळी न्यूमनकडे पाहू नका, मागे बसलेल्यांकडे पाहा. प्रत्येक महत्त्वाच्या शॉटला कोणीतरी बसून बघतंय. पूलमधलं निम्मं नाट्य तर बसण्यातच आहे, कारण समोरचा चुकेपर्यंत तुमची पाळी येत नाही. टेनिसमध्ये समोरच्याच्या मारलेल्या चेंडूला काही उत्तर तरी देता येतं. इथे तो एकामागून एक बॉल घालत सुटला की तुम्ही खुर्चीत बसून क्यूच्या टोकाला लावायच्या चॉकशी चाळा करायचा, चेहरा सांभाळायचा. एडी पहिल्या रात्री हरतो तो टेबलावर नाही, खुर्चीत. फॅट्स मध्येच उठून हात धुतो, कोट चढवतो, ताजातवाना होऊन येतो, तेव्हाच सामना फिरतो. एकट्याने खेळताना ही खुर्ची नसते. चुकलं तरी पाळी तुमचीच, जिंकलं तरी तुमचंच. महिन्याभरात कंटाळा आला यात नवल काय?

मोस्कोनी यांचाच दाखला घ्या. मार्च १९५४ मध्ये ओहायोतल्या स्प्रिंगफील्ड गावी एका प्रदर्शनी सामन्यात त्यांनी न चुकता सलग ५२६ बॉल घातले. समोर गावातलाच एक हौशी खेळाडू होता. दोन तासांहून जास्त वेळ तो बिचारा बसून राहिला. आणि नंतर हजर असलेल्यांनी सह्या करून प्रतिज्ञापत्र दिलं, की हो, आम्ही डोळ्यांनी पाहिलं. साठाहून अधिक वर्षं त्या विक्रमाला आधार काय, तर बघणाऱ्यांच्या सह्या! २०१९ मध्ये जॉन श्मिट यांनी ६२६ घातले, ते कॅमेऱ्यासमोर, पुढे तोही आकडा मागे पडला. तरी जुन्या मंडळींना अजून ५२६ च आठवतात. जाता जाता आणखी एक, मोस्कोनी यांनी ते ५२६ आठ फुटी टेबलावर घातले होते. मापाने तुमच्याच टेबलाचा भाऊ. टेबलाकडे थोडं आदराने बघा.

तुम्ही सांगलीत वाढलात, म्हणून आणखी एक सांगते. आपल्याकडे हा खेळ होता, पण दारामागे होता. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्यात बिलियर्ड्सचे हौशी विश्वविजेते झाले. भारताला एखाद्या खेळात वैयक्तिक विश्वविजेतेपद मिळवून देणारे ते पहिले. मुंबईच्या मायकल फरेरा यांनी तीनदा जग जिंकलं. पण टेबल कुठे? जिमखान्यात, क्लबात, जिथे सदस्य व्हायला ओळख लागते, आणि गुण लिहिणारा मार्कर नियमाने उभा असतो. सांगलीतल्या मध्यमवर्गीय मुलाने बोर्ड पाहिला तो कॅरमचा, गल्लीतल्या मंडळात. तुम्हाला पूल पटकन आला असणार तो त्यामुळेच. कट कुठे मारायचा, सोंगटी किती जाडीवर घ्यायची, हे डोळ्यांना आधीच ठाऊक होतं. अमेरिकेतल्या हॉलची खुबी अशी की तिथे तासाचे पैसे टाकले की टेबल तुमचं. आडनाव विचारत नाहीत, वडील काय करतात विचारत नाहीत. परक्या देशात नुकत्याच उतरलेल्या मुलाला ही केवढी मोठी गोष्ट असते, ते तुम्हाला मी काय सांगू.

तरी तो हॉल सगळ्यांसाठी सारखा नव्हता, हेही सांगायला हवं. ब्रुकलिनचे सिसेरो मर्फी हे कृष्णवर्णीय खेळाडू उत्तम खेळूनही वर्षानुवर्षं मोठ्या स्पर्धांबाहेर ठेवले गेले. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बरबँकच्या जागतिक निमंत्रितांच्या स्पर्धेत शेवटी त्यांना बोलावणं आलं, आणि ती त्यांनी जिंकली. बायकांचीही तीच कथा. ब्रुकलिनच्याच जीन बलूकस यांनी सहाव्या वर्षी ग्रँड सेंट्रल स्टेशनवर लोकांसमोर खेळून दाखवलं होतं, कारण वडिलांचाच हॉल होता. दारातून कोणी अडवणारं नव्हतं. १९७० च्या दशकात त्यांनी महिलांची पूलची यू.एस. ओपन लागोपाठ सात वेळा जिंकली.

आता वहिनींचं म्हणणं. त्यांना जुनाट म्हणून उडवून लावू नका. जुगार होता, खूप होता. दोन्ही सिनेमांचा विषयच तो आहे. स्वतःचा खेळ मुद्दाम कच्चा दाखवून समोरच्याचे पैसे काढायचे, याला हुशारी म्हणून टाळ्या मिळवून दिल्या त्या या सिनेमांनीच. मोस्कोनी यांना हे सिनेमातलं जग अजिबात पसंत नव्हतं. खेळायचं तर कोट घालून, सभ्य माणसासारखं, हा त्यांचा हट्ट. फॅट्सचं नाव लावणाऱ्या वाँडरोनवर त्यांचा एवढा राग होता की १९७८ च्या फेब्रुवारीत दोघांना टीव्हीवर समोरासमोर आणलं तेव्हा सारा देश बघत बसला. मोस्कोनी जिंकले. फॅट्स बोलत राहिले. लोकांना आवडले कोण, हे तुम्ही ओळखलं असेलच.

वहिनींसारखी काळजी करणारे पूर्वीही होते, आणि ते कुठेही असत. मोस्कोनी यांच्या वडिलांचा फिलाडेल्फियात स्वतःचा पूल हॉल होता. मुलाने त्याला हात लावू नये म्हणून त्यांनी बॉल, क्यू कुलूपबंद केले. पोराने काय केलं? स्वयंपाकघरातले छोटे बटाटे आणि झाडूचा दांडा घेऊन रात्री टेबलावर सराव केला. कुलपाचा उपयोग बटाट्यांवर झाला नाही एवढंच.

आणि आता तो मिझराक. १९७० ते १९७३ सलग चार वेळा यू.एस. ओपन जिंकलेला हा माणूस तुमच्याच राज्यातला, पर्थ ॲम्बॉयचा.  आणि पोटापाण्याला तो काय करायचा? शाळेत शिकवायचा. दिवसा फळ्यापुढे, संध्याकाळी टेबलापुढे. 'जुगाराचा अड्डा' या शब्दाला वहिनींपुढे यापेक्षा चांगलं उत्तर मला सुचत नाही. पण नुसतं उत्तर देऊन भागणार नाही. एखाद्या मंगळवारी किंवा बुधवारी संध्याकाळी त्यांना आधी घेऊन जा, मुलाला नंतर. शनिवारी रात्री नको, तेव्हा गोंगाट असतो, संगीत मोठं असतं, आणि त्यांचं मत तिथेच पक्कं होईल. दारू मिळणाऱ्या हॉलमध्ये वयाची अट असते, तेव्हा मुलाला कुठल्या वेळी येऊ देतात हे फोन करून विचारा. मुलासमोर पैसे लावून खेळायचं नाही, कॉफीसुद्धा नाही, हे मात्र वहिनींना कबूल करा आणि पाळा.

बेसमेंटचं काय करायचं? आधी मोजपट्टी घ्या. आठ फुटी टेबलाचा खेळायचा भाग ८८ इंच बाय ४४ इंच असतो, क्यू ५८ इंचांचा. चारी बाजूंनी क्यू मोकळा मागे यायला खोली सुमारे १७ फूट बाय साडेतेरा फूट हवी. न्यू जर्सीच्या बेसमेंटमध्ये मधोमध लोखंडी खांब असतो, तुमच्याकडेही असणार. एका बाजूने क्यू त्याला आपटत असेल तर तेवढ्यासाठी एक आखूड क्यू घ्या आणि विषय संपवा. मग दोन उंच खुर्च्या भिंतीशी ठेवा. गंमत म्हणून सांगत नाहीये. टेबलाभोवती बसायला जागा नसेल तर आलेला माणूस उभ्याउभ्या फोन बघतो आणि पाच मिनिटांत वर चहाला निघून जातो. दिवा टेबलापुरता खाली घ्या, बाकीच्या ट्यूबलाइट बंद.

दर पंधरवड्याला एका ठरलेल्या संध्याकाळी कोणाला तरी बोलवा. मंडळातल्या गणपतीच्या वेळी भेटणारे निम्मे लोक कॅरम खेळलेले असतात, त्यांना पूलचं टेबल दाखवलं की हात शिवशिवतात. मात्र नाइन-बॉल, म्हणजे नऊच बॉलांचा झटपट डाव, लावू नका. तुमच्या सिनेमाने तो खेळ घराघरांत नेला, पण त्यात नशिबाचा भाग मोठा, आणि नवखा माणूस दोन ब्रेकमध्ये हरून बसतो. 'द हसलर'मध्ये खेळतात तो स्ट्रेट पूल लावा. कोणताही बॉल घ्या, फक्त कुठला बॉल कुठल्या पॉकेटात हे आधी सांगायचं. प्रत्येक बॉलला एक गुण. पंधरापैकी चौदा संपले की शेवटचा आहे तिथेच ठेवून चौदा पुन्हा रचायचे आणि डाव पुढे चालू. यात गप्पा होतात, हिशेब होतो, आणि कच्च्या माणसालाही दहा-बारा गुण घेऊन खुर्चीत बसण्याचं समाधान मिळतं.

पण खरं काम बेसमेंटबाहेर आहे. लीगमध्ये नाव घाला. अमेरिकन पूलप्लेयर्स असोसिएशनच्या लीग बहुतेक भागांत असतात, आठवड्यातून एक ठरलेली संध्याकाळ. त्यांची पातळी ठरवण्याची पद्धत चांगली आहे. कच्च्या खेळाडूला कमी डाव जिंकावे लागतात, पक्क्याला जास्त, त्यामुळे पन्नाशीत परतलेल्याला रोज नाक कापून घरी यावं लागत नाही. तुमच्या संघात एखादी नर्स असेल, एखादा ट्रकवाला, एखादा निवृत्त पोस्टमन. तुम्ही एम.एस. आहात याचं तिथे कोणाला काही पडलेलं नसतं.

गेल्यावर काही गोष्टी पाळा. वीस-पंचवीस वर्षांत हात विसरतात तसे शिष्टाचारही विसरतात. समोरचा मारत असताना त्याच्या नजरेच्या रेषेत उभं राहायचं नाही, पॉकेटामागे तर नाहीच. चॉक लावून झालं की रेलवर, म्हणजे टेबलाच्या कडेवर, निळी बाजू वर करून ठेवायचं, उलटं ठेवलं की रेल माखते आणि पुढच्याची बाही खराब होते. चॉक खिशात घालून बसायचं नाही. आपली पाळी संपली की टेबलापासून दूर व्हायचं आणि बसायचं, घुटमळायचं नाही. चुकल्यावर टेबलाला, दिव्याला, थंडीला दोष देणारे लोक प्रत्येक हॉलमध्ये असतात. त्यांच्याबरोबर दुसऱ्यांदा खेळायला कोणी उत्सुक नसतं.

आणि हो, पहिले दोन महिने तुम्ही हरणार आहात. मुलाला लगेच नेऊ नका म्हणते ते त्यासाठीही. तो सोळाचा आहे, बापाला आपटी खाताना पाहायला त्याला आवडेल, पण तुम्हाला इतक्यात सोसणार नाही. तोवर त्याला घरच्या टेबलावर सरळ शॉट मारायला लावा. पांढरा बॉल आणि दुसरा बॉल सरळ रेषेत ठेवून घालायचा, आणि पांढरा जागच्या जागी थांबला पाहिजे. हे एवढंच. त्याला जमायला लागलं की तो स्वतःहून विचारेल, बाबा, तुम्ही जिथे खेळायला जाता तिथे मला कधी नेणार?

सिनेमे त्याला त्यानंतर दाखवा. 'द हसलर' आधी दाखवलात तर तो जड जाईल, शिवाय त्यात दारू आणि आत्महत्या आहे, तेव्हा वहिनींना विचारून. 'द कलर ऑफ मनी' एखाद्या शुक्रवारी चालेल. फक्त बघताना दर पाच मिनिटांनी सिनेमा थांबवून हा क्यू खरा नाही, हा शॉट सीगलने मारलाय, हा मिझराक आपल्या पर्थ ॲम्बॉयचा, असं सांगत बसू नका. मुलं उठून वर जातात.

तुमची,
ताई